आपल्यासाठी उचललेलं वजन

मंठ्याच्या बाईला वजन उचलायला शिकवायचं, असं म्हटलं की कुणालाही हसू येईल. तिथल्या बैठकीतही आलंच. "अहो ताई, आम्ही दिवसभर दुसरं करतो काय?" हा पहिला प्रश्न होता आणि तो बिनतोड होता. जालन्याहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या या तालुक्यात बाईचा दिवस किलोतच मोजला जातो. कापूस वेचायचा तो किलोवर. संध्याकाळी गाठोडं शेतमालकाच्या काट्यावर टाकायचं, काटा सांगेल ती मजुरी. सोयाबीन सोंगायचं, त्याची सुडी घालायची. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो पाणी, हंड्याचं वजन वेगळं. २०२४ च्या उन्हाळ्यात मराठवाड्यात ज्या जिल्ह्यांत सर्वांत जास्त टँकर फिरले त्यांत जालना होता, म्हणजे किती बायकांनी किती हंडे वाहिले याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. आणि दिवाळीच्या सुमाराला जी कोयत्यावर जाते तिच्या डोक्यावर उसाची मोळी असते, ती घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं असतं.

मग या अंकाचं संपादकीय घरच्या घरी, हाताशी असेल ते वजन घेऊन करायच्या दहा मिनिटांच्या व्यायामावर का?

विषय निघाला गुडघ्यांवरून. बैठकीला आलेल्या बहुतेकींचे गुडघे, कंबर नाहीतर खांदा दुखत होता, आणि त्यांतल्या निम्म्या पस्तिशीच्या आतबाहेर होत्या. तपासणी शिबिरात त्यांना दुखण्याच्या गोळ्या मिळाल्या होत्या आणि एक वाक्य मिळालं होतं : "व्यायाम करा." कोणता, कधी, कशाने, हे विचारायला रांगेत वेळ नव्हता. आम्हा कार्यकर्त्यांनाही ते नीट सांगता येईना. समाजकार्याच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात गटबांधणी शिकवतात, गुडघा शिकवत नाहीत. म्हणून आधी वाचलं, विचारलं, स्वतः करून पाहिलं आणि मग हे लिहायला घेतलं.

पहिली गोष्ट : काम म्हणजे व्यायाम नव्हे. हे वाक्य सुखवस्तू घरातल्या कुणीतरी उंटावरून शेळ्या हाकल्यासारखं वाटेल, पण त्याला आधार आहे. कोपनहेगनमध्ये लाखाहून अधिक स्त्री-पुरुषांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतलेला एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. फावल्या वेळात, स्वतःच्या मर्जीने शरीर हलवणाऱ्यांत हृदयविकाराचं आणि मृत्यूचं प्रमाण कमी आढळलं. कामावर जड अंगमेहनत करणाऱ्यांत ते जास्त आढळलं. अंगमेहनत तीच, फळ उलटं. याची कारणं अभ्यासक अजून तपासत आहेत, पण जी सुचवली जातात ती आपल्या बायकांनी न वाचताच सांगितली असती. काम तासन् तास चालतं, मध्ये विसावा नाही. एकाच अंगावर, एकाच बाजूवर भार पडतो. दमलं म्हणून थांबता येत नाही, जड झालं म्हणून हलकं करता येत नाही. आज ताप आहे म्हणून कापूस थांबत नाही. स्नायू बळकट व्हायला ताण लागतो आणि त्यानंतर आरामही लागतो. कामात ताण भरपूर मिळतो, आराम मात्र कुणी देत नाही. म्हणून मोळी वाहणारी बाई चाळिशीत ताकदवान होत नाही, झिजते.

व्यायामात वजन आपण ठरवतो. किती वेळा उचलायचं, कधी खाली ठेवायचं, हेही आपणच ठरवतो. ऐकायला हे क्षुल्लक वाटतं. पण आपल्या अंगावर किती भार पडावा हे दिवसातून दहा मिनिटं स्वतः ठरवणारी बाई आमच्या ओळखीत फार थोडी आहे.

दहा मिनिटांचंही काही स्वस्त नाही. केंद्र सरकारने २०१९ मध्ये वेळेच्या वापराची देशभर पाहणी केली. बिनमोल घरकामात बाईचे दिवसाला २९९ मिनिटं जातात आणि पुरुषाचे ९७, असं तीत दिसलं. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली म्हणायची, तर पुरुषाने त्याच काळात आपलीही नऊ वाचवली! तेव्हा ही दहा मिनिटं आभाळातून पडणार नाहीत. ती घरातल्या कुणाच्या तरी वेळातून मागून घ्यावी लागतील : चहा कुणी ठेवायचा, पोराला आंघोळ कुणी घालायची, इथूनच सुरुवात.

आता शरीराबद्दल थोडं स्पष्ट बोलू. तिशीनंतर माणसाचे स्नायू हळूहळू कमी व्हायला लागतात, साठीनंतर जास्त वेगाने. बाईच्या बाबतीत पाळी गेल्यावर पहिल्या काही वर्षांत हाडंही झपाट्याने विरळ होतात. आपल्याकडे पाळी साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमाराला जाते. पण मराठवाड्यात कितीतरी जणींची ती डॉक्टरांच्या सुरीने आधीच गेलेली असते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. म्हणजे दर सहांत एक. कितीतरी जणी चाळिशीच्या आतल्या. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले असतील, तर त्या पस्तिशीतल्या बाईची हाडं पन्नाशीतल्या बाईसारखी झिजू लागतात. हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. "पिशवी काढली, आता कटकट गेली," एवढंच सांगितलेलं असतं.

ऊसतोडीला मंठा तालुक्यातूनही टोळ्या जातात. तेव्हा बीडचे आकडे शेजाऱ्याचे म्हणून सोडून देता येत नाहीत.

हाड टिकवण्यासाठी जे उपाय माहीत आहेत त्यांत आहार, ऊन, औषधं यांच्या जोडीला वजन घेऊन केलेला व्यायाम येतो. स्नायूने हाडाला ओढ दिली की हाड स्वतःला घट्ट ठेवतं. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत मोठ्या माणसांना आठवड्याला निदान दीडशे मिनिटं चालण्यासारख्या हालचालीबरोबर दोन दिवस स्नायूंची ताकद वाढवणारा व्यायामही सांगितला आहे. अजिबात नसण्यापेक्षा थोडा बरा, हेही त्याच सूचनांत आहे. चालायला जा, असं बायकांना सगळेच सांगतात. वजन उचल, असं कुणी सांगत नाही.

का सांगत नाही, याचं उत्तर तालमीच्या दारात आहे. महाराष्ट्रात गावोगाव तालमी होत्या, अजूनही काही आहेत. पुण्यात लहुजी वस्ताद साळव्यांच्या तालमीत जोतीराव फुले शिकले. जोर, बैठका, मुद्गल, करेला, नाल, मारुतीच्या देवळापुढची दगडी गोटी, ही सगळी घरगुती वजनंच होती. लाकूड आणि दगड, विकत काही नाही. पण त्या दाराच्या आत बाई गेली नाही. ताकद कमावणं हा पुरुषाचा शौक आणि ताकद खर्च करणं हा बाईचा धर्म, अशी ती वाटणी होती. बायकांच्या वजन उचलण्याच्या स्पर्धा ऑलिंपिकमध्ये आल्या त्या थेट २००० साली, सिडनीत. त्याच वर्षी आंध्रच्या कर्णम मल्लेश्वरीने कांस्यपदक आणलं. २०२२ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या वडगाव मावळच्या हर्षदा गरुडने ग्रीसमध्ये कनिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेत ४५ किलो गटात एकूण १५३ किलो उचलून सुवर्णपदक मिळवलं. त्या स्पर्धेत सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय. आपल्या वजनाहून कितीतरी जास्त वजन तिने डोक्यावर नव्हे, डोक्याच्या वर नेलं. बैठकीत हे सांगितल्यावर एक आजीबाई म्हणाल्या, "तिला दूध-अंडी कुणी दिली ते पण सांगा." तेही खरंच. खुराकाचा प्रश्न पुढे आहेच.

आपल्याला पदकं नको आहेत. आपल्याला म्हातारपणी जमिनीवरून, हात न टेकता, कुणाला हाक न मारता उठायचं आहे. संडासात बसून स्वतःचं स्वतः उठता येणं, यात केवढी अब्रू आहे हे अंथरुणाला खिळलेल्या सासूची सेवा केलेल्या प्रत्येकीला माहीत आहे.

वजन कुठून आणायचं? बैठकीतच एकीने उत्तर दिलं : वरवंटा. मिक्सर आला, पाटा परसात गेला आणि वरवंटा दाराला टेकू म्हणून उरला. (जातं त्याच्याही आधी गेलं. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगाव फिरून गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्या लाखाच्या घरात गेल्या, त्या वाचताना गहिवरून येतं. तरी पहाटे उठून पायली पायली दळण्याचे गोडवे आम्ही गाणार नाही. गिरणी आली ते फार बरं झालं.) तर हा वरवंटा किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवून बघा. कुणाचा दोन किलो भरतो, कुणाचा चार. वरवंटा नसेल तर पाण्याची एक लिटरची बाटली म्हणजे एक किलो. तीत वाळू भरली तर दीड किलोच्या वर. पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन सगळ्यांत सोयीचा, कारण त्याला मूठ असते आणि पाणी कमी-जास्त करून हवं तेवढं वजन करता येतं. बाजाराच्या पिशवीत डाळीच्या पुड्याही चालतात. डंबेल विकत आणायला निघू नका. ते पैसे खुराकाला ठेवा.

नवी असाल तर एक-दोन किलोपासूनच सुरुवात करा, मग तुम्ही शेतात कितीही वाहत असा. आधी दोन मिनिटं जागच्या जागी चालून, खांदे फिरवून अंग गरम करायचं.

मग उठबस. शाळेतल्या शिक्षेची नव्हे. भिंतीला टेकवलेली खुर्ची किंवा पलंगाची कड घ्या (प्लास्टिकची खुर्ची फरशीवर सरकते, तेवढं सांभाळा). पाय खांद्यांएवढे दूर. वजन दोन्ही हातांनी छातीशी. तीन आकडे मोजत सावकाश बसायचं आणि श्वास सोडत उठायचं. आठ ते दहा वेळा. गुडघा बोलत असेल तर आधी वजनाशिवाय, खुर्चीवर उशी ठेवून, म्हणजे कमी वाकावं लागतं.

दुसरं, जमिनीवरचं वजन उचलणं. आमच्या मते सगळ्यांत मोलाचं हेच, कारण हंडा, पोतं, मूल आपण रोज उचलतो आणि बहुतेक वेळा कणा वाकवून, वजन अंगापासून लांब धरून, हिसका देऊन. कॅन दोन्ही पायांच्या मध्ये ठेवायचा. ढुंगण मागे काढायचं, गुडघे थोडे मुडपायचे, पाठ पाटासारखी सपाट ठेवायची. मग पायांनी जमीन दाबत, वजन अंगाला लागून वर. हे अंगवळणी पडलं की शेतातही आपोआप तसंच होतं. बायकांना यात हसू फुटतं, कारण असं वाकलं की कसं दिसतं! दिसू द्या. दार लावलेलं आहे.

तिसरं ओढण्याचं : एक हात ओट्यावर टेकून थोडं पुढे झुकायचं आणि दुसऱ्या हातातलं वजन, विहिरीतून पोहरा ओढावा तसं, कोपर मागे नेत कमरेपाशी आणायचं. दिवसभर पुढे वाकून खुरपणाऱ्या पाठीला याची फार गरज असते. चौथं, भिंतीला दोन्ही तळवे लावून, एक पाऊल मागे उभं राहून भिंतीचे जोर. शेवटी भिंतीचा आधार घेऊन टाचा उचलणं. हात डोक्यावर न्यायचे असतील तर बाटली घ्या. वरवंटा डोक्यावर नेऊ नका, घामाने सुटतो. आणि आसपास रांगतं मूल असेल तर वरवंटा हातात घेऊच नका.

प्रत्येक प्रकार आठ-दहा वेळा, मध्ये अर्धा मिनिट थांबून. झाली दहा मिनिटं. बारा वेळा सहज जमायला लागलं, की कॅनमध्ये अर्धा लिटर पाणी वाढवा. वाढवलं नाही तर शरीराला काही नवं करायचं कारण उरत नाही. दुसऱ्या दिवशी अंग ठणकेल, दोन दिवसांत जाईल. त्या दिवशी हलक्या बाटलीवर भागवा. आठवड्यातला एक दिवस पूर्ण सुट्टी. सुडी घालायच्या, मोळ्या वाहायच्या दिवसांत वजन बाजूला ठेवून नुसतं अंग मोकळं करा. पाळीच्या दिवसांत बंदी नाही. बरं वाटत असेल तर करा, नसेल तर नका करू.

आता कुणी थांबायचं. हे नीट वाचा, ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा. खाली जड वाटतं, अंग बाहेर येतं, खोकताना-शिंकताना लघवी सुटते, अशा मैत्रिणींनी जड वजनाला हात लावण्याआधी डॉक्टरांना दाखवायचं. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली, ती १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. शंभरात ब्याण्णव जणींना स्त्रीरोग होते आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या अवघ्या आठ. लाज आजही गेलेली नाही. बैठकीत गुडघ्याबद्दल सगळ्या मोठ्याने बोलल्या. अंग बाहेर येण्याबद्दल दोघी बोलल्या, त्याही बैठक संपल्यावर, चपला घालताना. अशा तक्रारीत श्वास रोखून जोर करणं सगळ्यांत वाईट. त्यांच्यासाठी आधीचा व्यायाम वेगळा आहे : लघवी रोखताना जे स्नायू आवळतो ते पाच आकडे आवळून धरायचे आणि पूर्ण सैल सोडायचे, दहा वेळा, दिवसातून तीनदा. याला वजन लागत नाही, दार लावायला लागत नाही, भाकरी थापतानाही होतो.

बाळंतपण किंवा पोटाची शस्त्रक्रिया झालेल्यांनी, रक्तदाब असलेल्यांनी विचारूनच सुरू करावं. छातीत दुखलं, चक्कर आली, सांध्यात कळ मारली तर तिथेच थांबायचं. आणि दोन जिने चढून धाप लागत असेल तर आधी हिमोग्लोबिन तपासा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४.२ टक्के जणींत रक्त कमी होतं. अंगात रक्त नसताना वजन वाढवत जाणं म्हणजे रिकाम्या चुलीवर तवा ठेवणं. लोहाच्या गोळ्या उपकेंद्रात मिळतात, आशाताईला सांगा. आणि ताटात डाळ, शेंगदाणे, जमेल त्यांनी अंडं. बाईने शेवटी जेवायचं आणि खरवड खायची, हे चालू ठेवून ताकद येणार नाही. आजीबाईंचा प्रश्न आम्ही विसरलेलो नाही.

घरातून काय ऐकायला मिळतं, तेही सांगतो. "कामं कमी पडली का?" हे सासूबाईंचं. "पैलवान व्हायचंय का?" हे नवऱ्याचं. बायकांना स्वतःला भीती असते की हात पुरुषासारखे होतील. होत नाहीत, तेवढे स्नायू कमवायला वर्षानुवर्षांची तालीम आणि भरपूर खुराक लागतो. काही जणींच्या मनात मोबाईलवरच्या जाहिरातींमुळे बारीक व्हायचं असतं. त्यांना आमचं सांगणं आहे की या व्यायामाने साडी नेसल्यावर कशी दिसाल याची चौकशी आम्ही केलेली नाही. एका खोलीच्या घरात जागा आणि आडोसा कुठला, हा प्रश्न मात्र खरा अवघड. गच्चीवर शेजारचे बघतात, अंगणात रस्ता बघतो. मंठ्यातल्या काही जणींनी यावर तोड काढली : दुपारी पोरं शाळेत असताना तिघी-चौघींनी एकीच्या घरी जमायचं. एकटीने केलं तर थेर, चौघींनी केलं तर गट! एका घरात सासूच खुर्ची ओढून बसली आणि "मलाही उठून दाखवू द्या" म्हणाली. तिला वजन दिलं नाही, नुसती उठबस. मोजणी नात करते.

एक शंका आमच्या कार्यकर्त्या मैत्रिणींनी घेतली आहे आणि ती रास्त आहे. बाईचं दुखणं तिच्याच गळ्यात मारायचं, व्यायाम केला नाहीस म्हणून गुडघे गेले म्हणायचं, असा याचा अर्थ उद्या कुणी काढेल. म्हणून नोंदवून ठेवतो : ऊसतोडीच्या फडावर विश्रांती, पाणी आणि संडास हवेत, गर्भाशय काढण्याआधी दुसऱ्या डॉक्टरचं मत मिळायला हवं, हंडा डोक्यावरून उतरायला हवा. जलजीवन मिशन २०१९ मध्ये जाहीर झालं, २०२४ पर्यंत घरोघर नळ यायचे होते, मुदत आता २०२८ पर्यंत गेली. या मागण्यांचे अर्ज आपण करतोच आहोत आणि मोर्चेही काढतो आहोत. मोर्च्याला चालायलाही गुडघे लागतात.

पुढच्या अंकात अंग बाहेर येण्याच्या तक्रारीवर स्त्रीरोगतज्ज्ञ मैत्रिणीचा लेख असेल. त्यासाठी प्रश्न पाठवा; नाव घातलं नाही तरी चालेल. ज्या गटांत तीन महिने हा व्यायाम झाला त्यांनी दोनच आकडे कळवावेत : पहिल्या आठवड्यात खुर्चीवरून सलग किती वेळा उठलात आणि बाराव्या आठवड्यात किती वेळा. वरवंट्याचं वजनही लिहा.